जिओजेब्रा वापरून बघितलं: त्रिकोणाची बाजू निघते की नाही, एवढ्याच कामासाठी

आधीच सांगते, हा जिओजेब्राचा पूर्ण रिव्ह्यू नाहीये. त्यात आलेख आहेत, थ्रीडी आहे, स्प्रेडशीट आहे, बरंच काय काय आहे आणि त्यातलं मी फारसं उघडलेलं पण नाही. मी ते गेले काही महिने एकाच प्रकारच्या प्रश्नांसाठी वापरतेय, तो प्रकार म्हणजे "दिलेल्या माहितीवरून त्रिकोणाची अमुक बाजू काढता येईल का". बाजू काढायची नाही, काढता येईल का एवढंच सांगायचं. स्पर्धा परीक्षांत डेटा सफिशियन्सी म्हणून हे येतं: वर एक प्रश्न, खाली दोन विधानं, आणि तुम्ही सांगायचं की पहिलं एकटं पुरेसं आहे, की दुसरं एकटं, की प्रत्येक एकेकटं चालतं, की दोन्ही मिळून लागतात, की दोन्ही मिळूनही भागत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये की भूमिती चांगली असलेली मुलंसुद्धा इथे मार खातात, कारण शाळेत आपल्याला उत्तर असलेलीच गणितं मिळतात, माहिती कमी पडते असं गणित दहा वर्षांत एकदाही समोर येत नाही.

जिओजेब्राबद्दल थोडक्यात, ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात हे सुरू केलं, जिऑमेट्री आणि अल्जेब्रा जोडून नाव केलंय, ब्राउझरमध्ये चालतं, मोबाईलवर पण चालतं, स्वतःच्या अभ्यासासाठी वापरायला फुकट आहे. बिंदू, रेषा, वर्तुळ काढा आणि मग कुठलाही मोकळा बिंदू धरून ओढा, त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं त्याच्यासोबत सरकतं. आणि स्लायडर नावाची एक पट्टी मिळते, ती सरकवली की त्या मापाची किंमत बदलते आणि आकृती लगेच बदलते. माझं सगळं काम या दोन गोष्टींवर चालतं.

पद्धत अगदी साधी आहे. प्रश्नात जे दिलंय तेवढंच पक्कं बांधायचं, जे दिलेलं नाही ते सगळं मोकळं सोडायचं, आणि जी बाजू विचारलीये तिच्या लांबीचा आकडा स्क्रीनवर आणून ठेवायचा. मग ओढायचं. आकडा हलला तर माहिती अपुरी, विषय संपला.

उदाहरणार्थ अब ५ आणि अक ६ दिलंय, बक विचारलंय. मी अ भोवती ५ आणि ६ त्रिज्येची दोन वर्तुळं काढते, एकावर ब ठेवते, एकावर क, आणि ब फिरवते. बक चा आकडा १ च्या जरा वरपासून ११ च्या जरा खालपर्यंत कुठेही जातो. पायथागोरस लावून √६१ लिहून मोकळे होणारे किती जण बघितलेत मी, काटकोन दिलाय का हे न बघताच! आकृती काटकोनी दिसतेय ना, मग असेलच, असं. इथे आपण स्वतः बिंदू ओढतोय म्हटल्यावर तो काटकोन सुटलेला डोळ्यांना दिसतो, आणि एकदा तो सुटलेला बघितला की परत सहज फसत नाही माणूस. मग अ चा कोन दिला की ब एका जागी बसतो, बक थांबतं. ही आपली बाकोबा, म्हणजे बाजू-कोन-बाजू कसोटी. बाबाबा, कोबाको, कोकोबा यांच्यावर मी इथे वेळ घालवत नाही, ते सगळे शाळेत झालेत, आणि युक्लिडने साधारण इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास 'एलिमेंट्स'च्या पहिल्याच पुस्तकात ते करून ठेवलेत (बाकोबा चौथं विधान, बाबाबा आठवं, बाकीचे दोन सव्विसावं). तीन कोन दिले तर मात्र आकृती फुगते आणि आकसते, कोन तसेच राहतात. यातून एक पटकन लावायची चाचणी मिळते जी मला खूप उपयोगी पडली: दिलेल्या माहितीत लांबीचं, क्षेत्रफळाचं असं एकही माप नसेल तर बाजूचा आकडा निघणारच नाही, कितीही कोन देऊ देत.

आता बाबाको वर येते (दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला एक कोन), कारण मी जिओजेब्रा उघडलं तेच याच्यासाठी.

एका सराव पुस्तकात (नाव लिहीत नाही) प्रश्न होता, कोन अ ३०°, अक १०, बक ६, तर अब निघेल का. मागे उत्तर दिलेलं "पुरेशी माहिती". मला ते खटकत होतं, साइनचा नियम लावला की कोन ब येतो खरा, पण साइन ची तीच किंमत लघुकोनाला पण असते आणि विशालकोनाला पण. कागदावर माझी आकृती दरवेळी एकाच प्रकारची येत होती, म्हणून मला स्वतःवरच शंका यायला लागली. जिओजेब्रात काढलं: अक १० चा रेषाखंड, अ पाशी ३०° चा किरण, आणि क भोवती ६ त्रिज्येचं वर्तुळ. वर्तुळाने किरणाला दोन ठिकाणी छेदलं. एक अब ५.३४, दुसरं अब ११.९८. दोन्ही त्रिकोण खरे, दोन्हीत दिलेली तिन्ही मापं बरोबर. म्हणजे पुस्तकाचं उत्तर चुकीचं होतं, आणि मी त्यावर दोन संध्याकाळ घालवलेल्या.

मग मी त्या ६ च्या जागी स्लायडर लावला आणि इथे मला हे टूल मनापासून आवडलं. बक ५ पेक्षा कमी केलं की वर्तुळ किरणापर्यंत पोचतच नाही, त्रिकोण गायब. बरोबर ५ ला वर्तुळ किरणाला फक्त स्पर्श करतं, एकच त्रिकोण, काटकोन. ५ आणि १० च्या मध्ये दोन त्रिकोण. १० झालं की त्यातला एक छेदनबिंदू सरकत सरकत अ वरच येऊन बसतो, तो त्रिकोण चपटा होऊन संपतो आणि एकच उरतो, पुढे कितीही वाढवा एकच. म्हणजे "बाबाको नेहमी अपुरं" हे जे पाठ केलेलं असतं ते अर्धवट आहे. कोनासमोरची बाजू दुसऱ्या दिलेल्या बाजूएवढी किंवा जास्त असली तर ती माहिती पुरते. आणि कोन काटकोन असेल तर ती आपली कर्णभुजा कसोटीच झाली, तिथे कर्ण समोरच असतो म्हणून. हे मी कुठे वाचून नाही शिकले, स्लायडर पुढे मागे करून करून शिकले.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण इथे टूल तुम्हाला नकळत चुकवू शकतं. छेदनबिंदू काढताना तुम्ही बरोब्बर छेदाच्या जागेवर क्लिक केलं तर तेवढा एकच बिंदू मिळतो. वर्तुळावर एकदा आणि किरणावर एकदा असं वेगवेगळं क्लिक केलं तर सगळे छेदनबिंदू मिळतात. पहिल्या पद्धतीने केलं तर तुमच्यासमोर एकच त्रिकोण असेल, ओढून बघाल तर हलणार नाही, आणि तुम्ही खुशाल "पुरेशी" लिहाल. म्हणून नेहमी दुसरी पद्धत.

अशीच दोन त्रिकोणांची भानगड क्षेत्रफळात पण होते आणि ती जास्त लपलेली असते. अब ५, अक ६, क्षेत्रफळ १२. वाटतं की तीन गोष्टी दिल्या, झालं. पण क्षेत्रफळ म्हणजे निम्मा गुणाकार गुणिले मधल्या कोनाचा साइन, म्हणजे १५ साइन अ बरोबर १२, साइन अ ४/५, आणि मग कोसाइन अधिक ३/५ पण चालतो आणि उणे ३/५ पण. बक चा वर्ग ६१ वजा ३६ किंवा ६१ अधिक ३६, म्हणजे बक एकतर ५ नाहीतर √९७, जवळपास ९.८५. जिओजेब्रात मी अक पाया घेतला, उंची ४ आली, ४ अंतरावर समांतर रेषा काढली, आणि अ भोवतीचं ५ चं वर्तुळ तिला दोन जागी छेदताना दिसलं. मग क्षेत्रफळ १२ चं १५ केलं, रेषा वर सरकली आणि वर्तुळाला स्पर्श करून थांबली, एकच बिंदू, काटकोन, बक √६१. त्याच प्रकारची माहिती, तेच दोन आकडे, फक्त क्षेत्रफळ बदललं आणि "अपुरी" चं "पुरेशी" झालं! त्यामुळे नुसतं काय काय दिलंय याचा प्रकार बघून उत्तर देऊ नका, आकडे बघा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपण सगळे नकळत असं धरून चालतो की त्रिकोण पक्का झाला तर बाजू निघते आणि त्रिकोण पक्का नसेल तर बाजू निघत नाही. दोन्ही चुकीचं आहे, आणि हे मला माझ्या भाचीमुळे कळलं.

तिला मी प्रश्न दिलेला, त्रिकोणाचं क्षेत्रफळ २०, अ पासून बक वरचा शिरोलंब ८, बक किती ते काढता येईल का. ती म्हणाली, "मावशी, नाही निघणार, त्रिकोण कसाही काढता येतोय ना." आणि तिने करून पण दाखवलं, बक वर समांतर रेषा, तिच्यावर अ, आणि अ डावीकडे उजवीकडे पार लांब ओढला, त्रिकोण तिरका होत गेला. मी म्हटलं, "बक चा आकडा बघ की." तो ५ वरच होता. अर्थातच, क्षेत्रफळ निम्मं गुणिले पाया गुणिले उंची, पाया ५ च. अब आणि अक वाट्टेल तेवढे बदलत होते, पण विचारलंय बक, आणि ते जागचं हलत नव्हतं. ती दोन मिनिटं नुसती अ ओढत बसली होती, मग म्हणाली की म्हणजे पूर्ण त्रिकोण कळायची गरजच नाही. तेव्हापासून मी बाजूचा आकडा मोठ्या अक्षरात, वेगळ्या रंगात करून ठेवते, आकृतीकडे नाही त्या आकड्याकडे बघायचं.

या जातीचे बरेच आहेत. अब आणि अक चे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड ७ आहे, तर बक १४, बाकी त्रिकोणाचं काहीही असो. काटकोन त्रिकोणात कर्णावरची मध्यगा ५ आहे तर कर्ण १०, काटकोनाच्या बाजू मात्र मोकळ्या, काटकोनाचा शिरोबिंदू कर्ण हा व्यास असलेल्या वर्तुळावर कुठेही फिरवा. परिवर्तुळाची त्रिज्या आणि कोन अ दिला तर बक निघतं, कारण ते दोन गुणिले त्रिज्या गुणिले साइन अ. इथे जिओजेब्रात अ वर्तुळाच्या कंसावर फिरवून बघाच एकदा, अ चा कोन तसाच, बक तसंच, आणि त्रिकोण मात्र सतत बदलतोय. मला अजूनही हे बघायला छान वाटतं.

काटकोन त्रिकोणाची परिमिती आणि क्षेत्रफळ दिलं तरी कर्ण निघतो, परिमितीचा वर्ग वजा चार गुणिले क्षेत्रफळ, भागिले दुप्पट परिमिती. परिमिती १२, क्षेत्रफळ ६ टाका, ५ येतं, तो ३-४-५ चा त्रिकोण. पण आता परिमिती १२ च ठेवून क्षेत्रफळ ७ टाका. सूत्र काही तक्रार न करता ४.८३ देतं. मी ते घेऊन जिओजेब्रात काढायला गेले, ४.८३ कर्ण, त्याच्यावर अर्धवर्तुळ, म्हणजे काटकोनाचा बिंदू या अर्धवर्तुळावर पाहिजे, आणि उंची क्षेत्रफळावरून साधारण २.९ येते. अर्धवर्तुळाची त्रिज्याच २.४२. समांतर रेषा अर्धवर्तुळाच्या वरून निघून गेली, कुठे भेटलीच नाही. असा त्रिकोण नाहीच मुळात! परीक्षेत सहसा असं देत नाहीत, पण स्वतः प्रश्न बनवणाऱ्या शिक्षकांनी आकडे छापायच्या आधी एकदा इथे काढून बघावेत असं मला फार वाटतं.

आणि उलटी बाजू, म्हणजे त्रिकोण पक्का पण विचारलेली बाजू नाही. बक १४, परिमिती ४२, क्षेत्रफळ ८४, अब किती? हेरॉनच्या सूत्राने उरलेल्या दोन बाजू १३ आणि १५ येतात, दुसरं काही येऊच शकत नाही. त्रिकोण एकच. पण अब १३ की १५? ते कुठेच सांगितलेलं नाहीये. आरशात बघितल्यासारखं डावं उजवं होतं आणि अब बदलतं. भाचीचं पहिलं उत्तर "पुरेशी" होतं, माझं पण पहिल्यांदा तेच होतं, आणि टूल नसतं तर आम्ही दोघी तिथेच थांबलो असतो. क्षेत्रफळासाठी उंची १२ ची समांतर रेषा काढली, परिमितीसाठी ब आणि क या नाभी धरून लंबवर्तुळ काढलं (ब पासून आणि क पासूनच्या अंतरांची बेरीज २८), ते रेषेला दोन जागी छेदतं, एका जागी अब १३ आणि एका जागी १५. लंबवर्तुळाचं टूल तयारच आहे, दोन नाभी आणि एक बिंदू दिला की झालं. कंपास घेऊन कागदावर हे कोण काढणार?

याच्याच शेजारचं एक उदाहरण. ८, १२, १८ असा एक त्रिकोण आणि १२, १८, २७ असा दुसरा. दोघे समरूप आहेत, दुसरा पहिल्याच्या दीडपट, म्हणजे तिन्ही कोन सारखे, आणि १२ नि १८ या दोन बाजू पण दोघांत आहेत. सहापैकी पाच गोष्टी सारख्या आणि तरी त्रिकोण वेगळे. कारण कुठली बाजू कुठल्या कोनासमोर ते जुळत नाही. दोन्ही काढून एकावर एक ठेवून बघा, मी ज्यांना ज्यांना दाखवलं त्यातल्या एकालाही आधी पटलं नव्हतं.

आता जिथे जिओजेब्राचा तितका उपयोग नाही ते पण सांगते. समद्विभुज त्रिकोणाच्या दोन बाजू ३ आणि ७ आहेत, तिसरी? ७ च, कारण ३ आणि ३ मिळून ७ पर्यंत पोचत नाहीत. ५ आणि ७ दिल्या असत्या तर ५ पण चालली असती, ७ पण, म्हणजे अपुरी. हे डोक्यात करायचं काम आहे, यासाठी काही उघडायला नको. बाजू पूर्णांक आहे वगैरे अटी असतील, समजा दोन बाजू २ आणि ७, तिसरी सम संख्या, तर ५ आणि ९ च्या मध्ये ६ आणि ८ दोन्ही बसतात म्हणून अपुरी. स्लायडरची पायरी १ ठेवता येते आणि मग तो पूर्णांकांवरच थांबतो, पण खरं सांगायचं तर तोंडी पटकन होतं. तसंच दोन विधानं वेगवेगळी दिसतात पण एकच गोष्ट सांगतात, एकात कोन ब ६०° आणि दुसऱ्यात बाकी दोन कोनांची बेरीज १२०°, हे वाचतानाच कळायला पाहिजे. दोन्ही मिळून काहीच नवीन मिळालं नाही.

आकडे दाखवताना ते सुरुवातीला दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवतं, सेटिंगमध्ये वाढवता येतं, ते आधी वाढवून घ्या. काटकोनाच्या बाजू ७ आणि ९ असतील तर कर्ण √१३०, म्हणजे ११.४०१७ आणि पुढे चालूच, पण स्क्रीनवर ११.४ दिसतो. प्रश्न जर "कर्ण ११.४ आहे का" असा असेल तर स्क्रीन बघून हो म्हणाल आणि खरं उत्तर नाही आहे. (आणि इथे अजून एक, ठाम "नाही" मिळालं तरी माहिती पुरेशीच म्हणायची, बरेच जण "नाही" आलं की अपुरी लिहितात.) मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर बोटाने बिंदू धरणं पण जरा अवघड जातं, दोन बिंदू जवळ असले की नको तोच हातात येतो, म्हणून मी हे काम लॅपटॉपवरच करते.

पण मोठी मर्यादा वेगळीच आहे आणि ती टूलची चूक नाही. आकडा हलला तर तुमच्याकडे पुरावा आहे, दिलेल्या अटी पाळणारे पण बाजू वेगळी असणारे दोन त्रिकोण समोर आहेत, यापुढे काही सिद्ध करायचं उरत नाही. आकडा हलला नाही तर मात्र काहीच सिद्ध झालेलं नाही. कदाचित तुम्ही दुसरा छेदनबिंदू काढलाच नाही, कदाचित तुम्ही नकळत जास्तीची अट बांधली, जसं की पाया आडवा काढताना दोन बाजू सारख्याच ठेवल्या. त्यामुळे "अपुरी" म्हणायला जिओजेब्रा मला शंभर टक्के पुरतं, आणि "पुरेशी" म्हणायला ते फक्त अंदाज देतं, त्यानंतर कागद घेऊन कारण लिहावंच लागतं. मी आता एक हिशेब सोबत ठेवते, साध्या त्रिकोणाला साधारण तीन स्वतंत्र गोष्टी लागतात, काटकोन किंवा समद्विभुज म्हटलं की दोन, समभुज म्हटलं की एकच (समभुजाचं नुसतं क्षेत्रफळ दिलं तरी बाजू निघते). हिशेबाने जे येतं आणि स्क्रीनवर जे दिसतं ते जुळत नसेल तर कुठेतरी मी चुकलेय, आणि ती जागा शोधण्यातच खरं शिकणं होतं. परीक्षेत जिओजेब्रा मिळत नाही हे उघड आहे, पण पन्नासेक प्रश्न असे ओढून बघितल्यावर डोक्यातच बिंदू ओढता यायला लागतात, माझ्या बाबतीत तरी तसं झालं, आता वाचतानाच मनात अ सरकायला लागतो.

कोणाला द्यावं? डेटा सफिशियन्सीची तयारी करणाऱ्या सगळ्यांना, आणि आठवी नववीला एकरूपतेच्या कसोट्या शिकवणाऱ्या प्रत्येकाला. कसोट्या आम्हाला पाठ करायला लावल्या होत्या, बाबाको त्या यादीत का नाही हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते एका स्लायडरने पाच मिनिटांत दिसतं. हे मला शाळेत मिळायला हवं होतं असं फार वाटतं. ज्यांना फक्त सूत्रात आकडे टाकून बाजू काढायचीये त्यांना कॅल्क्युलेटर पुरेल, त्यांनी याच्या मागे लागू नये.

भाचीने गेल्या आठवड्यात स्वतःहून विचारलं की मावशी, तीन बाजू दिल्या तर त्रिकोण पक्का, मग तीन शिरोलंब दिले तर? आणि तीन कोनदुभाजक? दुभाजकांचं मी तिला सांगितलं की तिथेही तीन लांब्यांवरून त्रिकोण एकच मिळतो, मिरोनेस्कू आणि पानाइतोपोल या दोघांनी हे १९९४ मध्ये सिद्ध केलं, पण पट्टी नि कंपासने तो नेहमी काढता येत नाही, त्यामुळे ते आपण सोडून देऊ. शिरोलंबाचं तिने स्वतः केलं. मी १२, १५ आणि २० दिले. सुरुवात कुठून करायची हेच कळेना, कारण शिरोलंबावरून थेट काढायचं टूल नाहीये. मग मी एवढंच म्हटलं की क्षेत्रफळ तिन्ही बाजूंनी एकच येतं ना. बराच वेळ गेला, मग तिने लिहिलं की बाजू १/१२, १/१५, १/२० च्या प्रमाणात, म्हणजे ५, ४, ३. तिने ३-४-५ काढला, आकारासाठी एक स्लायडर लावला, कर्णावरच्या शिरोलंबाचा आकडा समोर ठेवला आणि हळूहळू सरकवत नेला. ४ वर, ७ वर, ११ वर. तो १२ वर आला तेव्हा बाजू १५, २० आणि २५ होत्या, आणि तिने लगेच विचारलं की आता यात दुसरा छेदनबिंदू कुठे लपलेला नाही ना.